जैवचिन्हक की जैवसूचक? लघवीतील प्रथिनांविषयीचे एक वाक्य

नाशिकमधील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाचक भगिनी मधुमेही रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करीत आहेत. लघवीतील प्रथिने ही आजाराची ‘अर्ली बायोमार्कर’ असतात, म्हणजे आजार सुरुवातीलाच दाखवणारा, मोजता येणारा शरीरातील घटक असतात, हे वाक्य मराठीत कसे लिहावे, असे त्यांनी विचारले आहे. जैवचिन्हक, जैवदर्शक आणि जैवसूचक यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि लघवीतून प्रथिने ‘जातात’ म्हणावे की लघवीत प्रथिने ‘येतात’, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

माझे मत ‘जैवसूचक’ या शब्दाच्या बाजूने आहे. मराठी वैद्यकीय लेखनात रुग्णाला स्वतःला जाणवते ते लक्षण आणि डॉक्टरांना तपासताना दिसते ते चिन्ह, असा भेद रूढ आहे. पायावरची सूज बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो, हे चिन्ह होय. बायोमार्कर मात्र नुसता पाहून भागत नाही, तो मोजावा लागतो. म्हणून ‘चिन्हक’ शब्दाने गोंधळ होण्याचा संभव आहे. ‘दर्शक’ हा शब्द आपल्याला शाळेतल्या लिटमसपासून परिचित आहे आणि तो तिथेच राहू द्यावा. आपल्या टेबलावरचेच उदाहरण घ्या: लघवीत बुडवलेल्या पट्टीवरचा पिवळा चौकोन हिरवट होतो, तेव्हा रंग बदलणारे पट्टीवरचे रसायन हा दर्शक असतो आणि ज्याच्यामुळे तो रंग बदलला ते अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातले एक प्रमुख प्रथिन, हा सूचक असतो. एकाच पट्टीवर दोन्ही कामे चालत असताना दोहोंना एकच नाव देणे योग्य होणार नाही.

‘सूचक’ शब्दाचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. सोसायटीच्या किंवा सहकारी बँकेच्या निवडणुकीचा अर्ज ज्याने भरला आहे, त्याला ठाऊक असते की सूचकाची सही झाली तरी अनुमोदकाच्या सहीवाचून अर्ज पुरा होत नाही. लघवीतील अल्ब्युमिनचेही तसेच आहे. लघवीतील एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे (क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून गाळून बाहेर टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ) 30 मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ते सामान्य मानतात. पण ताप, भरपूर व्यायाम किंवा मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग एवढ्यानेही हा आकडा वाढू शकतो. म्हणून मधुमेही रुग्णांत तीन ते सहा महिन्यांच्या अवधीत तपासलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले, तरच ती वाढ खरी धरतात. सुचवणे आणि सिद्ध करणे यांतले हे अंतर ‘सूचक’ शब्दात मुळातच आहे.

‘अर्ली’साठी ‘पूर्वसूचक’ हा शब्द सहज सुचतो, पण तो मी टाळेन. आयुर्वेदात रोग प्रकट होण्याआधीच्या खुणांना ‘पूर्वरूप’ म्हणतात, आणि ‘पूर्वसूचना’ म्हणजेही होणाऱ्या गोष्टीची आगाऊ वार्ता. मधुमेह्याच्या लघवीत अल्ब्युमिन वाढते तेव्हा मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा सुरू झालेली असते; फक्त रुग्णाला काही जाणवत नसते आणि रक्तातील क्रिएटिनिनही बहुधा सामान्यच असते. नाशिककरांना हे दुतोंड्या मारुतीवरून, म्हणजे गोदावरीच्या पात्रातील ज्या मूर्तीवरून पुराची पातळी सांगतात तिच्यावरून, चटकन समजेल. गोदावरीचे पाणी मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, असे आपण म्हणतो, तेव्हा मारुती पुराचे भाकीत करीत नसतो. आलेले पाणी किती चढले ते तो सांगतो. तरीही भांडीबाजारातल्या दुकानदाराला माल हलवायला तेवढा अवधी पुरतो. म्हणून ‘आरंभसूचक’ म्हणावे, किंवा सरळ ‘आजार सुरुवातीलाच कळवणारा सूचक’ असे लिहावे.

त्या वाक्यातला ‘आजाराची’ हा शब्दही मला फार मोघम वाटतो. हेन्री बेन्स जोन्स यांनी 1847 मध्ये लघवीतील ज्या प्रथिनाची नोंद केली, ते अस्थिमज्जेच्या कर्करोगाशी निगडित आहे. शरीर रक्ताची घडण स्थिर राखते आणि नको ते लघवीवाटे टाकते, म्हणून इतर अनेक रोगांचे आरंभीचे बदल लघवीत आधी दिसावेत, या विचाराने संशोधनही चालू आहे. परंतु आपले पत्रक मधुमेह्यांसाठी आहे. तेव्हा तिथे ‘मूत्रपिंडाच्या आजाराची’ असेच लिहावे.

आता ‘जातात’ की ‘येतात’. व्याकरणाने दोन्ही शुद्ध आहेत. ‘जाणे’ शरीराच्या बाजूने बोलते, ‘येणे’ अहवालाच्या. परंतु ‘लघवीतून धातू (वीर्य) जाते’ ही जुनी धास्ती आपल्या समाजात इतकी रुजलेली आहे की ‘जाते’ म्हटले की ऐकणारा झीज भरून काढायला निघतो. प्रयोगशाळेच्या बाकावर माझ्याशेजारी बसलेल्या एका काकूंनी अहवाल हातात घेऊन विचारले होते, “प्रोटीन जातंय म्हणतात, मग डाळ-अंडी वाढवू का?” मूत्रपिंडाच्या आजारात आहारातील प्रथिने मनाने वाढवणे अहितकारक ठरू शकते, म्हणून हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. ‘येतात’ म्हटले तर निरोगी लघवीत प्रथिने नसतातच असा समज होईल, आणि तोही चुकीचा आहे, कारण निरोगी माणसाच्या लघवीतही दिवसाला 150 मिलिग्रॅमपर्यंत प्रथिने असू शकतात. मला ‘प्रमाण वाढते’ हा प्रयोग पसंत आहे.

पत्रकातले वाक्य मी असे लिहीन: “लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाण वाढणे, हा मूत्रपिंडाच्या आजाराचा आरंभसूचक असू शकतो, तपासणी पुन्हा करून खात्री करावी आणि आहारात बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.”