पहिलीच्या वर्गाचा पहिला आठवडा : नवीन मॅडमसाठी

मॅडम, तुमचं आठवड्याचं नियोजन वाचलं, उत्साह लई भारी आहे पण पाच दिवसांत बावीस उपक्रम म्हणजे पोरं बुधवारीच दमतील आणि तुम्ही मंगळवारी. दिवसाला एकच धरा, बाकी गाणी-गोष्टी आणि नेहमीचा तास.

मी सुरुवातीला हेच करायचो, शिवाय सूचना देत बसायचो दहा-दहा मिनिटं. सहा वर्षांचं पोरगं दोन सूचना लक्षात ठेवतं, तिसरीला खिडकीबाहेर बघतंय. आधी स्वतः करून दाखवा, मग साहित्य वाटा. साहित्य आधी वाटलं की संपलं, कुणी ऐकत नाही!

साहित्य विकत आणू नका. आईस्क्रीमच्या काड्या धुऊन घ्या, दहा मोजायच्या, रबर लावायचं, गठ्ठा तयार. दशक फळ्यावर समजत नाही, हातात गठ्ठा आला की समजतं. चिंचोके मोजायला दिले तर मात्र नजरेसमोरच, माझ्याकडं एकानं नाकात घातला होता, काढेपर्यंत घाम फुटला.

२६ जूनला शाहू जयंती, भाषणं पाठ करून घेऊ नका. महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं एवढं गोष्टीसारखं सांगा, आणि घरी आज्जीला "तू शाळेत गेलतीस का" असं विचारून यायला सांगा, दुसऱ्या दिवशी वर्ग स्वतःच बोलतोय बघा. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, मातीचे बैल करा, पण मैदानात, वर्गात नको.

शुक्रवार मोकळा ठेवा, राहिलेलं सगळं तिथं जातं. फोटो, फाईल, अहवाल नंतर बघू.