नोटिशीतली तिरकी रेघ

प्रश्न: मी तालुक्याच्या गावातून साप्ताहिक काढतो. वय ६४. कालव्याची दुरुस्ती न होताच बिलं निघाल्याची बातमी बिलांच्या प्रतींसह छापली. संबंधित अभियंत्याने पोलिसांत अर्ज दिला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची नोटीस आली : मोबाइल घेऊन हजर राहा, कागद कुणी दिले ते सांगा. मी गेलो. नाव सांगितलं नाही, पण मोबाइल त्यांनी ठेवून घेतला. २३ दिवस झाले. प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नाव न सांगण्याचा मला हक्क आहे ना? थेट सुप्रीम कोर्टात जाऊ का?

उत्तर: असं पत्र दर दोन-तीन महिन्यांनी येतं. कालव्याच्या जागी कधी रस्ता असतो, कधी शाळेची खोली, आणि शेवटी कलम १५ ठरलेलं. लोकशाहीचा चौथा स्तंभ वगैरे मी इथे लिहीत नाही. ते तुम्ही अग्रलेखात माझ्यापेक्षा बरं लिहीत असाल.

नोटिशीचा फोटो पाठवलात, हे एक बरं केलंत. तो मोठा करून बघा. वर जावक क्रमांक आहे, तारीख आहे, गोल शिक्का आहे. ‘विषय’ पुढे लिहिलंय : बदनामीकारक मजकूर छापल्याबाबतचा अर्ज. आणि ‘गु.र.नं.’, म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, त्यापुढे? नुसती तिरकी रेघ. तुमचं सगळं प्रकरण त्या रेघेत आहे.

कलम ९४ खाली वस्तू मागवता येते ती तपास, चौकशी किंवा खटला चालू असेल तर. बदनामी (न्याय संहिता, कलम ३५६) हा अदखलपात्र गुन्हा. अदखलपात्र प्रकरणात मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७४(२) स्वच्छ सांगतं. तपासच नाही, तर तपासासाठी मोबाइल कसला मागता? अभियंत्याची बदनामी झाली असेल तर त्याने स्वतः कोर्टात फिर्याद करावी.

कलमांच्या आकड्यांनी गोंधळू नका. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे ९४ च होतं, १९७३ च्या संहितेत ९१ झालं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत फिरून पुन्हा ९४. नव्या मसुद्यात संपर्काची उपकरणं मात्र मुद्दाम घातली आहेत. तेव्हा ‘मोबाइल मागताच येत नाही’ असा वाद घालू नका. मागता येतो, आधी तपास दाखवा म्हणायचं.

ठाण्याच्या बाकावर बसायच्या आधी हे विचारलं असतंत तर एक पानी उत्तरावर भागलं असतं : गुन्हा क्रमांक कळवा, मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाची प्रत द्या. त्याऐवजी तुम्ही मोबाइल टेबलावर ठेवलात, पॅटर्न चिठ्ठीवर काढून दिलात आणि कसलीही पोच न घेता घरी आलात. शिवाय साक्षीदार म्हणून बोलावायचं तर साठीपुढच्या पुरुषाला राहत्या जागेबाहेर बोलावताच येत नाही, कलम १७९. बातमीतला आकडा तीनदा तपासणारा माणूस स्वतःला आलेली नोटीस एकदाही नीट का वाचत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता तुमचं लाडकं कलम १५. प्रेस कौन्सिल कायदा १९७८ चा. त्यातलं संरक्षण कौन्सिलच्या स्वतःच्या चौकशीपुरतं आहे, आणि पोलीस ठाणं म्हणजे प्रेस कौन्सिल नव्हे. विधी आयोगाने १९८३ साली ९३ व्या अहवालात पुरावा कायद्यातच असं कलम घालायला सांगितलं होतं. ते झालं नाही; अख्खा पुरावा कायदा बदलला तरी झालं नाही. फोनवर पाळत ठेवल्याच्या पेगॅसस प्रकरणात २०२१ साली सुप्रीम कोर्टाने सूत्रांच्या संरक्षणाला वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट मानलं. युक्तिवादाला ते वजनदार आहे, पण ठाण्यात त्यावर भागेल अशी हमी मी देणार नाही. राज्याचा २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा मारहाण-तोडफोडीसाठी आहे. नोटिशीवर तो उतारा नाही.

करायचं ते असं. याच आठवड्यात तुमच्या जेएमएफसी (प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट) कोर्टात मोबाइल परत मिळण्याचा अर्ज टाका, त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली. सोबत नोटीस, खरेदीची पावती आणि खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक. मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्याहून जास्त पडू देऊ नये, असा सुंदरभाई देसाई प्रकरणातला २००२ चा निवाडा आहे, तोही जोडा. पण अर्जाची खरी ताकद निवाड्यात नाही. कोर्ट पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतं आणि त्या ‘से’त तिरकी रेघ चालत नाही. जप्ती दाखवली तर मॅजिस्ट्रेटला कळवली का, हे सांगावं लागेल. दाखवली नाही तर मोबाइल कुठल्या अधिकारात ड्रॉवरमध्ये पडलाय, तेही. पहिल्या तारखेला ‘से’ येणार नाहीच. तेव्हा गप्प उभे राहू नका, पुर्सिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) द्या. ‘से’साठी चार-चार तारखा देणारी कोर्टं आहेत, आणि त्या मागून घ्यायला लाजणारं कुणी नाही.

यात धोका आहे. जाग आल्यावर पोलीस कागद लांबवल्याचा दखलपात्र गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध नोंदवू शकतात, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाविनाही तपास. मग रेघ भरली जाते आणि तुम्ही आरोपी की साक्षीदार हा प्रश्न उभा राहतो. आरोपीला घटनेच्या २०(३) चा आधार आहे : स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. वस्तू हजर करायचं असं समन्स आरोपीला लागू नाही, असा श्यामलाल चोक्सी प्रकरणातला जुना निवाडाही आहे, नव्या मसुद्यापुढे तो कितपत टिकतो ते पाहावं लागेल. साक्षीदार मात्र खरं उत्तर द्यायला बांधील असतो. पासवर्ड द्यायची सक्ती करता येते का, याबद्दल सगळी हायकोर्टं एका सुरात बोलत नाहीत. म्हणून तर तुमचे २३ दिवस मला खुपतात : पोलिसांना आपलं भोक बुजवायला तुम्हीच सवड दिलीत.

सुप्रीम कोर्टाचं तूर्त विसरा. पानं आणि किंमत यांची सांगड घालणारा सरकारी आदेश ‘सकाळ पेपर्स’ने १९६१ साली तिथेच उलथवला, ते मलाही पाठ आहे. तिथे कायदाच चुकीचा होता. तुमच्याकडे कायदा धड आहे, ठाण्याने तो पाळला नाही. पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीबाबत मार्गदर्शक तत्त्वं हवीत, असं त्याच कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राला सुनावलं. त्याने तुमचा मोबाइल ड्रॉवरमधून बाहेर येत नाही. मॅजिस्ट्रेटने नाही ऐकलं तर हायकोर्ट आहे.

दरम्यान तीच बिलं माहिती अधिकारात मागा. मिळाली तर कागद कुणी दिले या प्रश्नातली निम्मी हवा जाते. खात्यांचे पासवर्ड बदला, पण मोबाइल दुरून पुसून टाकायचा शहाणपणा करू नका. पुरावा नष्ट केल्याचा आयता गुन्हा होईल. आणि ज्याने कागद दिले त्याला नव्या सिमवरून ‘फोन गेलाय, सांभाळ’ असा निरोप देऊ नका. कॉलचा तपशील पोलीस कंपनीकडून मागवतात, त्याला तुमचा मोबाइल लागत नाही.