फारशी कुणी न बघितलेली ब्रिटिश डार्क कॉमेडी कोणती?

तुम्ही लिहिलंय की द ऑफिस, फ्लीबॅग, इनसाइड नंबर नाइन सगळं बघून झालंय, आता कुणाच्या यादीत नसलेलं काहीतरी सांगा, पण विनोद काळाकुट्ट पाहिजे.

गेटिंग ऑन बघा. बीबीसी फोरवर २००९ ला आली, पहिल्या सीझनचे फक्त ३ एपिसोड, मग २०१० आणि २०१२ ला ६-६, असे सगळे मिळून १५, अर्ध्या अर्ध्या तासाचे. दोन सुट्ट्यांत संपते. आणि तरी ही बघितलेला माणूस मला आजवर एकच भेटलाय, त्यालाही मीच सांगितलं होतं.

ब्रिटनच्या एका सरकारी, म्हणजे एनएचएसच्या हॉस्पिटलातला म्हाताऱ्या बायकांचा वॉर्ड, बस्स एवढंच. खून नाही, भूत नाही, शेवटी ट्विस्ट नाही. नावाचे दोन अर्थ आहेत, वय होत चाललंय हा एक आणि एकमेकांशी जमवून घेणं हा दुसरा, आणि दुसरं त्या वॉर्डात कुणालाच जमत नाही.

पहिल्या एपिसोडमधला प्रसंग सांगतो म्हणजे तुमचं तुम्हाला कळेल ही आपली आहे की नाही. नर्स किम वाइल्ड (हो, ऐंशीच्या दशकातल्या त्या पॉप गायिकेचंच नाव, आणि तिला ते ऐकून घ्यावं लागतं) बऱ्याच वर्षांच्या गॅपनंतर कामावर परत आलीये. तिला वॉर्डातल्या एका खुर्चीवर शी दिसते. आता कुणीही काय करेल, फडकं आणेल. ती तेच करायला जाते तर सिस्टर डेन म्हणते थांब, आधी फॉर्म भरायला लागेल. तेवढ्यात डॉक्टर पिपा मूर येतात आणि त्यांना ती शी सँपल म्हणून हवी असते, कारण बाईंचं रिसर्चच त्यावर चालूये. ब्रिस्टल स्टूल चार्ट म्हणून शीच्या प्रकारांचा खरोखरचा तक्ता आहे, त्यात कडक खड्यांपासून पाण्यापर्यंत ७ प्रकार दिलेत, तर बाईंना ते ३७ वर न्यायचेत. आणि हे सगळं इतक्या गंभीरपणे चालतं की हसावं का नाही हेच पहिली काही मिनिटं कळत नाही. मागे हशा वाजत नाही, हातात धरलेला कॅमेरा, रंग उडालेला निळसर-करडा उजेड, चुकून डॉक्युमेंटरी लावली की काय असं वाटतं.

माझी मावशी बत्तीस वर्षं स्टाफ नर्स होती, तिच्यासोबत मी हा एपिसोड परत बघितला. इंग्लिश अॅक्सेंट तिला काही झेपला नाही, सबटायटल वाचत होती, पण खुर्चीच्या सीनला ती अशी हसली की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. म्हणाली आमच्याकडे फॉर्म नव्हता, रजिस्टर होतं. मग तिने गादीची गोष्ट सांगितली, एक गादी पार वाया गेलेली, पण सरकारी माल म्हटल्यावर टाकता येत नाही, आधी कंडेम करायला लागते, त्यासाठी कमिटी बसायला लागते, आणि कमिटी काही बसेना. ती गादी आठ महिने व्हरांड्यात पडून होती आणि दर महिन्याला स्टॉक घेताना हिने नाक धरून तिची मोजणी केली, ‘गादी, एक’. हे ऐकल्यावर मला वाटलं की सिरीज लिहिणाऱ्यांनी आमच्या मावशीला न भेटता हे कसं काय लिहिलं.

तर त्याचंही उत्तर आहे. किमचं काम करणारी जो ब्रँड स्टँडअपमध्ये यायच्या आधी दहा वर्षं मनोरुग्णांच्या हॉस्पिटलात नर्स होती. ती, सिस्टर डेन झालेली जोआना स्कॅनलन आणि डॉक्टर झालेली विकी पेपरडाइन, तिघींनीच मिळून सिरीज लिहिलीये. पहिला सीझन डायरेक्ट केलाय पीटर कपाल्डीने, तोच तो द थिक ऑफ इट या राजकारणावरच्या कॉमेडीतला शिवराळ माल्कम आणि नंतरचा डॉक्टर हू. ब्रँडला २०११ चा बाफ्टा (ब्रिटनचा मोठा टीव्ही पुरस्कार) ही मिळाला, तरी सिरीज कोपऱ्यातच राहिली.

मला ही जास्त काळी का वाटते तर इथे दुष्ट कुणीच नाही. डेन आळशी आहे, फोनमध्ये डोकं घालून बसते, पण वाईट नाही. डॉक्टर बाई पेशंटशी पेशंट नसल्यासारखं बोलतात, पण त्यांनाही कुणी विचारत नाही. मेट्रन हिलरी (पुरुष आहे) मॅनेजमेंटच्या कोर्सची भाषा झाडतो आणि स्वतःच सैरभैर आहे. सगळे आपापल्या परीने काम करतायत आणि मधल्यामधे बेडवरची म्हातारी राहून जाते. त्याच एपिसोडमध्ये एक बाई आहे, ती एकच वाक्य परत परत म्हणतेय आणि तिची भाषा कुणालाच येत नाही, मग फोनवरून दुभाष्या शोधायची धावपळ. ते वाक्य काय असतं हे मी सांगणार नाही. मी तोवर हसत होतो एवढंच सांगतो.

एचबीओने २०१३ ते १५ मध्ये अमेरिकन व्हर्जन काढलं होतं, लॉरी मेटकाफ आहे त्यात, वाईट नाहीये पण आवाज जरा मोठाय, आधी ओरिजिनल बघा. पहिला एपिसोड नाही आवडला तर सोडून द्या, पुढे गेल्यावर सिरीज काही बदलत नाही. आणि कृपा करून जेवताना लावू नका. मी लावली होती, पिठलं-भाकरी होती ताटात, ते ३७ प्रकार आले आणि ताट तसंच राहिलं.