परदेशातून आलेल्या शेजाऱ्यांसोबत भिंत रंगवून माणसं खरंच जवळ येतात का?

तुमच्या वस्तीत परदेशातून आलेली काही कुटुंबं राहायला आली आहेत आणि त्यांच्यासोबत एक भिंत रंगवायचा तुमचा विचार आहे. याने माणसं जवळ येतात की सगळं फोटोपुरतंच राहतं, असं तुम्ही विचारलंय. मी दोन्ही घडताना पाहिलंय. भिंतीवर काय काढायचं हे कोण ठरवतं, यावर बरंच अवलंबून असतं.

आमच्या पहिल्या भित्तिचित्राचा आराखडा आम्ही जुन्या रहिवाशांनीच करून ठेवला होता. पक्षी, होड्या, हातात गुंफलेले हात. नव्या मंडळींना बोलावलं ते आखलेल्या रेघांमध्ये रंग भरायला. एक गृहस्थ दोन दिवस न बोलता निळा रंग भरत होते, तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत. पुढे कळलं की त्यांच्या देशात ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आमच्या सगळ्यांपेक्षा त्यांचा हात सराईत होता आणि आम्ही साधं विचारलंही नव्हतं. मला आजही त्याची खंत वाटते.

शिकागोत जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये स्थलांतरितांच्या वस्तीत ‘हल हाउस’ नावाचं समाजकेंद्र सुरू केलं. तिथे १९०० मध्ये एक श्रम-संग्रहालय उभं राहिलं. स्थलांतरित बायामाणसं तिथे आपापल्या पद्धतीची सूतकताई आणि विणकाम लोकांसमोर करून दाखवायची. एक इटालियन बाई चातीवर सूत काढायला येई. तिची मुलगी तिथेच स्वयंपाकाच्या वर्गाला यायची, पण डोक्याला रुमाल बांधलेल्या आईसोबत दिसायला नको म्हणून दुसऱ्या दाराने. मग एकदा तिने पाहिलं की जाणकार मंडळी आईच्या कामाचं मनापासून कौतुक करताहेत. त्यानंतर ती आईच्याच दाराने आत येऊ लागली. हे ॲडम्स यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्या आईला कोणी काही शिकवायला गेलं नाही. ती दाखवत होती आणि बाकीचे बघत होते.

अलीकडचं उदाहरण कोपनहेगनच्या ‘सुपरकिलेन’ या सार्वजनिक उद्यानाचं. ते २०१२ मध्ये खुलं झालं. तिथली बाकं, झोके, दिवे, कारंजं अशा वस्तू ५० हून अधिक देशांतल्या आहेत आणि त्या निवडताना आसपासच्या, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या रहिवाशांना विचारलं गेलं. काही रहिवाशांना तर उद्यान घडवणाऱ्या कलाकारांनी सोबत नेलं, वस्तू प्रत्यक्ष बघून आणायला. कुणी पॅलेस्टाइनची माती आणली.

आता तुमच्या भिंतीचं. पहिल्या दिवशी आराखडा नेऊ नका, कोरे कागद न्या. भाषा येत नसेल तरी हात कामात असले की शेजारी बसलेल्या दोघांना गप्प राहणं जड जात नाही. हे मी कितीदा पाहिलंय. कुणालाही ‘तुमच्या प्रवासाची कहाणी सांगा’ म्हणू नका, सांगावीशी वाटली तर ते आपणहून सांगतील. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, काहींना त्याची खरी भीती असते. वेळ त्यांच्या कामाच्या पाळ्या बघून ठरवा आणि लहान मुलांकडे कोण बघणार तेही, नाहीतर आया येणारच नाहीत.

आणि भिंतीकडून तिच्या आवाक्याबाहेरचं मागू नका. घर, काम, कागदपत्रं यांसाठी वेगळी धडपड लागतेच.

आमच्या दुसऱ्या भिंतीच्या वेळी कोरे कागद वाटले, तेव्हा मला वाटलं होतं की लोक आपापल्या गावाची चित्रं काढतील. एका बाईंनी आमचाच बस थांबा काढला. रोज पहाटे त्या तिथे उभ्या राहतात. बाकावर त्यांनी दोन माणसं बसवली होती आणि मधे रिकामी जागा ठेवली होती. ते चित्र आम्ही भिंतीच्या मधोमध घेतलं.