सौर पंपाला पॅनल वाढवण्याआधी व्हॉल्व्ह आणि पाइप बघा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्वीकडे 20 फुटांवर लावलेली संत्र्याची 600 झाडं, झाडाला तासाला 8 लिटर सोडणारे ठिबकचे चार ड्रिपर, विहिरीवर 5 एचपीचा सौर पंप, पॅनल 4,800 वॅट. दुपारी बारा ते दोन पाणी सगळीकडे पोचतं, पण सकाळी आणि तीननंतर शेवटच्या ओळी कोरड्या. म्हणून आणखी चार पॅनल जोडावेत का?

जोडू नका. आधी हिशेब करा. मे महिन्यात झाडाला रोज 120 लिटर धरले तरी 600 झाडांना 72,000 लिटर होतात. विहिरीतली पाण्याची खोली, पाइप, फिल्टर आणि ड्रिपरचं प्रेशर मिळून 40 मीटर उचल (पाणी तेवढं उंच चढवण्याइतका जोर) धरली, तर मोटर-पंपातली घट पकडून 17-18 युनिट लागतात. उन्हाळ्यात तुमचे पॅनल दिवसाला 20 युनिटच्या आसपास सहज देतात. म्हणजे वीज पुरते. ती ज्या वेळी जेवढी येते, त्या हिशेबाने ओलीत होत नाही, एवढंच.

होतं काय, तर ऊन अर्ध्यावर आलं की पंपाचा वेग साधारण 80 टक्क्यांवर येतो. पाणी त्याच प्रमाणात कमी होतं, पण प्रेशर वेगाच्या वर्गाने पडतं, म्हणजे 63-64 टक्क्यांवर. दुपारी 40 मीटर देणारा पंप सकाळी 25 देतो. मे महिन्यात विहिरीत पाणी 14 मीटर खाली असेल तर उरले 11. त्यातून फिल्टर आणि पाइपची घट वजा केली की ड्रिपरपाशी मीटर-दोन मीटर राहतात. त्याला लागतं दहा मीटर, म्हणजे आपल्या भाषेत एक किलो. सहाशेच्या सहाशे झाडांचा कॉक एकदम उघडा ठेवून रात्रीच्या लाइटवर मोटर चालवायची सवय आपल्याला लागलेली आहे. सौर पंपाला ती चालत नाही.

बागेचे 200-200 झाडांचे तीन भाग करा: अ, ब, क. प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह. एका भागाला तासाला 6,400 लिटर लागतात आणि झाडागणिक 120 लिटर द्यायला पावणेचार तास. वेळ अशी बसते: सकाळी 8 ते 10 फक्त अ. 10 ते पावणेबारा अ आणि ब. पावणेबारा ते पावणेदोन ब आणि क. पुढे साडेतीनपर्यंत फक्त क. तिन्ही भागांना पुरते पावणेचार तास मिळतात. कोवळ्या उन्हात एकच भाग उघडा असला की पंपावर पाण्याचा भार कमी आणि प्रेशर टिकून. दुसऱ्या दिवशी क पासून सुरू करा, म्हणजे कमी-जास्त सारखं होईल. ढगाळ दिवशी दोन भाग एकत्र उघडूच नका.

आता पाइप, कारण खरा चोर बहुतेक तिथंच असतो. विहिरीपासून बागेपर्यंत 200 मीटर 63 एमएमचा पाइप असेल आणि त्यातून तासाला 19,000 लिटर ढकलत असाल, तर नुसत्या घर्षणात सुमारे 13 मीटर जातात. 75 एमएममध्ये तेच पाच-साडेपाच. एकच भाग चालू असताना 63 मध्येही दोन मीटरच्या आत. चार पॅनलच्या पैशात मेन पाइप बदलून व्हॉल्व्ह बसवा, हे माझं स्पष्ट मत.

फिल्टरच्या आधी आणि नंतर प्रेशर गेज हवेत. फरक अर्ध्या किलोवर गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं. उघड्या विहिरीत उन्हाळ्यात शेवाळ फार, त्यामुळं कधी कधी रोजच करावा लागतो.

पॅनल जोडण्यात धोकाही आहे. ओळीत पॅनल वाढले की व्होल्टेज वाढतं, आणि ते सर्वांत जास्त असतं थंडीतल्या सकाळी, मे महिन्यात नाही. उन्हाळ्यात ठीक चाललेला कंट्रोलर (पॅनलची वीज पंपाला देणारी पेटी) डिसेंबरमध्ये जळतो. सरकारी योजनेतल्या पंपाची 5 वर्षांची दुरुस्ती कंपनीकडे असते. फेरफार केला की ती हात वर करणार. पॅनलच्या ओळीत शेकडो व्होल्ट डीसी असतात, तेव्हा चालू पंपावर कनेक्टर ओढू नका. आधी पंप, मग डीसी स्विच बंद.

कंट्रोलरच्या डिस्प्लेवर दुपारी 4,800 वॅट दिसत नाही म्हणून घाबरू नका. आपल्याकडच्या उन्हात पॅनलची काच 65-70 अंशांवर जाते आणि 25 च्या वर दर अंशाला 0.35 ते 0.4 टक्के वीज घटते. तिथंच 15 टक्के गेले. धूळ, वायर धरून 3,500 ते 3,900 वॅट आले तर ठीक. तुरीची मळणी झाली की पॅनल धुवाच, पण पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. बाभळीची एक फांदी एका पॅनलवर सावली पाडत असेल तरी अख्ख्या ओळीची वीज पडते, ती छाटा. काळ्या मातीला भेगा पडल्या की अर्थिंगचा रॉड मातीपासून सुटतो, म्हणून पावसाळ्याआधी, विजा सुरू होण्यापूर्वी, खड्ड्यात पाणी ओता.

एवढं करूनही शंका असेल तर स्वच्छ उन्हात, दुपारी साडेबाराला, ठिबकची लाइन बंद करून विहिरीजवळच्या मोकळ्या तोंडाने 200 लिटरचा ड्रम भरा. 40 सेकंदांच्या आत भरला तर पंप ठीक. मिनिटभर लागलं आणि वॅट मात्र पूर्ण दिसत असतील, तर पंपाची जाळी तुंबली आहे किंवा इंपेलर (पाणी ढकलणारी आतली चाकं) झिजले आहेत. वॅटच कमी असतील तर दोष पॅनल, कनेक्टर किंवा कंट्रोलरकडे. तक्रार नोंदवताना ड्रमचे सेकंद, वॅट आणि पाण्याची खोली, तिन्ही आकडे लिहून द्या. मग "सगळं ठीक आहे" म्हणून कुणाला परत जाता येत नाही.