ट्रायलसाठी आधी पैसे मागणारा एजंट, आणि इतर पत्रं

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं एकाच प्रश्नाभोवती आहेत: युरोपातल्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट नसलेल्या फुटबॉलपटूनं तिथल्या क्लबशी व्यावसायिक करार कसा मिळवायचा? खेळाडूंचे करार सहीआधी वाचून देणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडे पाठवली. पहिल्या पत्रातल्या मुलाकडे वेळ थोडा आहे, तेव्हा सुरुवात त्याच्यापासून.

ताई, मी २१ वर्षांचा मिडफिल्डर आहे, दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळतो. एका एजंटनं इन्स्टाग्रामवर संपर्क केला. युरोपातल्या एका क्लबमध्ये दोन आठवड्यांची ट्रायल पक्की आहे, पण ‘फाइल’साठी साडेतीन हजार युरो आधी भरा, असं तो म्हणतो. क्लबचं पत्रही त्यानं पाठवलंय. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. जाऊ का?

पैसे पाठवू नकोस, आणि बाबांना कर्जाचा विचार आजच सोडायला सांग.

या धंद्यात पैसा क्लबकडून खेळाडूकडे येतो आणि त्यातला काही टक्के एजंटकडे जातो, तोही करार झाल्यावर. करार होण्याआधी पैसा उलट्या दिशेनं, म्हणजे तुझ्याकडून एजंटकडे जायला लागला, की त्या माणसाचं पोट तुझ्या खेळावर चालत नाही, तुझ्या आशेवर चालतं. मग तुझी ट्रायल चांगली होवो की वाईट, त्याला काहीच फरक पडत नाही. अशी पत्रं मला सतत येतात आणि दर वेळी जीव तुटतो, कारण पैसे गेल्यावर आलेल्या पत्राला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे फार कमी असतं.

तुला दोन गोष्टी आज संध्याकाळपर्यंत तपासता येतील. पहिली, या माणसाकडे फिफाचं लायसन्स आहे का? फिफानं एजंटांसाठी परीक्षा आणि लायसन्स पुन्हा सक्तीचं केलं, त्यातली पहिली परीक्षा एप्रिल २०२३ मध्ये झाली. लायसन्सधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. नाव सापडलं तरी तेवढ्यावर थांबू नकोस, कारण दुसऱ्याचं नाव वापरणारेही असतात. दुसरी, त्यानं पाठवलेल्या पत्रावरचा फोन किंवा ईमेल वापरू नकोस. क्लबचं अधिकृत संकेतस्थळ स्वतः शोध, तिथल्या पत्त्यावर लिही आणि विचार: मला हे पत्र तुम्ही पाठवलं आहे का, राहण्याचा खर्च कोण करणार, दुखापत झाली तर विमा कुणाचा? खरंच बोलावणाऱ्या क्लबला या प्रश्नांचा राग येत नाही.

ट्रायल खरी निघाली तरी तिची मर्यादा ओळखून जा. शेंगेन देशांत अल्पमुदतीच्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. नोंदणी झाल्याशिवाय अधिकृत सामनाही खेळता येत नाही. नोंदणीसाठी तुझ्या सध्याच्या फुटबॉल संघटनेकडून आंतरराष्ट्रीय ट्रान्स्फर प्रमाणपत्र लागतं. व्यावसायिक खेळाडूचं हे काम फिफाच्या टीएमएस या संगणकीय व्यवस्थेतून होतं, आणि तिथली माहिती क्लब आणि फुटबॉल संघटनाच भरतात. ‘टीएमएस माझ्या हातात आहे’ असं सांगणारा एजंट सरळ खोटं बोलतो आहे.

मी २३ वर्षांचा लेफ्ट बॅक. सगळे इंग्लंडचं नाव घेतात. खरंच कुठे प्रयत्न करावा?

क्लबच्या नावाआधी देशाचा नियम वाचा. बहुतेक खेळाडू हे उलट करतात.

ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, इंग्लंडमध्ये परदेशी खेळाडूला गुणांवर मान्यता मिळते आणि त्यासाठी १५ गुण लागतात. तुमच्या राष्ट्रीय संघाचं फिफा क्रमवारीतलं स्थान, त्या संघातून खेळलेले सामने, तुमच्या लीगचा दर्जा, क्लबसाठी खेळलेली मिनिटं हे सगळं त्यात मोजलं जातं. २०२३ पासून क्लबना गुण कमी असलेले मोजके खेळाडू घेण्याची सवलत मिळाली आहे, पण त्या थोड्या जागांसाठी जगभरातले खेळाडू रांगेत असतात. जुन्या नियमांतही अडथळा याच प्रकारचा होता. २००९ मध्ये सुनील छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्स या इंग्लिश क्लबशी करार ठरला, पण भारत क्रमवारीत पहिल्या ७० देशांत नव्हता म्हणून वर्क परमिट नाकारलं गेलं. पायातल्या खेळाचा तिथे प्रश्नच आला नाही. जपानच्या काओरू मितोमाला ब्राइटन या इंग्लिश क्लबनं २०२१ मध्ये विकत घेतलं ते थेट खेळवण्यासाठी नाहीच. परमिटची अट पूर्ण होत नव्हती, म्हणून त्याला वर्षभर बेल्जियमच्या युनियाँ सँ-जिलवाझकडे लोनवर, म्हणजे तात्पुरतं उसनं, ठेवलं.

युरोपीय संघात प्रत्येक देशाची चाळणी वेगळी. स्पेनच्या पहिल्या श्रेणीत एका चमूत युरोपीय संघाबाहेरच्या देशांचे तीनच खेळाडू बसतात, फ्रान्समध्ये चार. फ्रान्समध्ये युरोपीय संघाशी करार असलेल्या आफ्रिकी, कॅरिबियन आणि पॅसिफिक देशांचे खेळाडू या चारांत धरत नाहीत. तिथे इतके आफ्रिकी खेळाडू दिसतात त्याचं हेही एक कारण. जर्मनीच्या वरच्या दोन श्रेणींत परदेशी खेळाडूंची संख्यामर्यादा २००६ मध्येच उठली, पण परवान्यासाठी ठरावीक किमान उत्पन्न आणि फुटबॉल संघटनेचा दाखला लागतो. नेदरलँड्समध्ये संख्येची अट नाही, पगाराची आहे: वीस किंवा त्याहून जास्त वयाच्या खेळाडूला लीगच्या सरासरी पगाराच्या १५० टक्के, १८-१९ वर्षांच्या खेळाडूला ७५ टक्के. वर्षाला काही लाख युरो होतात हे. तेवीस वर्षांच्या अनोळखी लेफ्ट बॅकवर तिथला मधला क्लब इतका पैसा घालणार नाही, आणि याचा तुमच्या खेळाच्या दर्जाशी काही संबंध नाही.

तुमच्या वयाला मी पोर्तुगाल, ऑस्ट्रिया, स्कँडिनेव्हिया किंवा पूर्व युरोपातल्या पहिल्या श्रेणीचे लहान क्लब सुचवेन. आजी-आजोबांपैकी कुणी युरोपीय असेल, तर एजंट शोधण्याआधी वकील गाठा. पासपोर्ट मिळाला तर वरची अर्धी गणितं निकालात निघतात.

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. स्पेनमधल्या एका अकादमीनं शुल्क घेऊन प्रवेश देऊ केलाय. तिथून थेट क्लबमध्ये घेतील म्हणतात.

घेऊ शकणार नाहीत. फिफाच्या हस्तांतर नियमांतलं १९ वं कलम १८ वर्षांखालच्या खेळाडूचं आंतरराष्ट्रीय हस्तांतर रोखतं. अपवाद मोजके आहेत: पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील, घर सरहद्दीलगत असेल, मूल निर्वासित असेल. १६ ते १८ वयाची सवलत आहे, पण ती युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या आतल्या हस्तांतरासाठी. नोकरीचा खोटा कागद करून पालकांना तिकडे हलवायचा सल्लाही कुणी देईल, तो ऐकू नका. या कलमाखाली २०१४ मध्ये बार्सिलोनावर आणि २०१९ मध्ये चेल्सीवर नोंदणीबंदी आली. एवढ्या मोठ्या क्लबना जे जमलं नाही, ते शुल्क घेणारी अकादमी करून दाखवणार नाही. आणि तिथे मुलाचं काय होऊ शकतं? २०२३ मध्ये पोर्तुगालमध्ये पोलिसांनी अशाच एका अकादमीतून परदेशी मुलांची सुटका केली, त्यांत बरीच अल्पवयीन होती.

हा नियम मुलाच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. सेनेगलची जेनेरासिओं फूट अकादमी आणि फ्रान्सचा मेट्झ क्लब यांची जोडी पाहा. सादिओ माने तिथेच घडला, २०११ मध्ये एकोणीसाव्या वर्षी मेट्झला गेला, पुढे साल्झबर्ग, साउदॅम्प्टन आणि मग लिव्हरपूल. घानाच्या राइट टू ड्रीम अकादमीतून मोहम्मद कुदुस असाच डेन्मार्कच्या नॉर्शेलँडला गेला. या मुलांनी वाढीची वर्षं आपल्या भाषेत, आपल्या माणसांत काढली.

पुढची दोन वर्षं त्याला नोंदणीकृत क्लबकडून जास्तीत जास्त अधिकृत सामने खेळू द्या, शाळा सुरू ठेवा, जिथे जायचंय त्या देशाची भाषा शिकवा. प्रत्येक नोंदणीचा कागद जपा. बाराव्या वर्षापासून त्याला घडवणाऱ्या क्लबना पुढे प्रशिक्षण भरपाई मिळते, आणि नवा क्लब करार देताना तो खर्चही मोजतो.

मी गोलकीपर आहे, मुलींच्या संघात. हे सगळं आम्हाला लागू होतं का?

हो, बहुतेक कलमं तीच. अडचण पगाराची येते, कारण महिलांच्या लीगमध्ये पगार कमी आणि वर्क परमिटची किमान उत्पन्नाची अट मात्र कायम. इटलीची पहिली श्रेणी २०२२ मध्ये पूर्ण व्यावसायिक झाली, तिच्यावर नजर ठेव. लहान देशांनाही कमी लेखू नकोस. भारताची मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून महिला चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत खेळली. लहान देशाचा विजेता संघ युरोपीय स्पर्धेत उतरतो आणि तिथे स्काउट, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारी माणसं, असतात. आणखी एक, करारात गर्भारपणाबद्दल काही लिहिलेलं असेल तर मला दाखव. २०२१ पासून फिफाच्या नियमांप्रमाणे किमान १४ आठवड्यांची पगारी रजा आहे, किमान दोन-तृतीयांश पगारानं, आणि त्या कारणावरून करार मोडता येत नाही.

हायलाइट्सचा व्हिडिओ किती मिनिटांचा असावा?

चार-पाच मिनिटं, पण त्यासोबत दोन-तीन पूर्ण सामन्यांच्या लिंक द्या: तारीख, प्रतिस्पर्धी, तुमचा जर्सी क्रमांक. चेंडू गमावल्यावर तुम्ही काय करता हे हायलाइट्समध्ये दिसत नाही, आणि स्काउटला नेमकं तेच पाहायचं असतं. तगड्या संघाविरुद्धचा सामना निवडा. मार्च २०१२ मध्ये इजिप्तची लीग बंद पडलेली असताना स्वित्झर्लंडच्या बासेल क्लबनं इजिप्तच्या २३ वर्षांखालच्या संघाशी मैत्रीपूर्ण सामना ठेवला. मोहम्मद सलाह उत्तरार्धात उतरला, त्यानं दोन गोल केले आणि त्याच उन्हाळ्यात तो बासेलचा झाला.

करार हातात आलाय! सही करण्याआधी काय पाहू?

अभिनंदन, मनापासून. पहिल्यांदा पाहा, ‘वर्क परमिट मिळाल्यास’ किंवा ‘वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाल्यास करार वैध’ असं वाक्य आहे का. फिफाच्या नियमांत कराराची वैधता या दोन्हींवर टांगता येत नाही. तपासणी क्लबनं सहीआधी करायची असते. मग पाहा, पगार कर धरून की कर वजा जाता, कुठल्या तारखेला, घराचं भाडं आणि परतीचं तिकीट कोण देणार. करार एकट्या क्लबच्या मर्जीनं वाढवता येईल असं कलम असेल, तर ते काढायला सांगा. मुदत पाच वर्षांहून जास्त नको.

पगार थकण्याचा धोका खरा आहे. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेनं २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ४१ टक्के खेळाडूंनी पगार उशिरा मिळाल्याचं सांगितलं होतं. दोन महिन्यांचे पगार थकले, तर लेखी नोटीस देऊन १५ दिवस थांबा. तरीही पैसे आले नाहीत तर योग्य कारणानं करार सोडता येतो, आणि फिफाच्या न्यायाधिकरणात खेळाडूला शुल्काशिवाय दाद मागता येते, प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. म्हणून बँकेचा प्रत्येक उतारा सांभाळा आणि त्या देशातल्या खेळाडू संघटनेचे सभासद पहिल्याच आठवड्यात व्हा.

तुमच्या पत्रासोबत फक्त इंग्रजी प्रत आली आहे. वाद झाला तर कोणती भाषा ग्राह्य, हे त्यातल्या शेवटच्या पानावर लिहिलंय, आणि ती इंग्रजी नाही. मूळ भाषेतली प्रत क्लबकडून मागवून घ्या आणि दोन्ही मला पाठवा. तोवर सही करू नका.