जेवून दोन तासांत पुन्हा भूक लागत असेल, तर आधी वजन करून बघा

तुम्ही लिहिलंय की पोटभर जेवूनही दोन तासांत पोटात कावळे ओरडायला लागतात, रात्री उठून डबे धुंडाळता आणि घरचे म्हणतात, 'तुला भस्म्या झालाय.' हे शेवटचं वाक्य आम्हीही आईला म्हणायचो, म्हणून उत्तर लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी साताऱ्याला आई एकाएकी जास्त जेवायला लागली. दुपारची भांडी घासून होतात न होतात तोच तिचा हात दाण्याच्या लाडवांच्या डब्याकडे जायचा. जन्मभर सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणारी बाई आता नीट जेवतेय, याचं आम्हाला बरंच वाटलं. दिवाळीत गेले तेव्हा तिचे ब्लाउज खांद्यावरून उतरत होते. चहा आणून देताना कप बशीत खडखडत होता. डिसेंबरात ती पांघरूण न घेता, पंखा लावून झोपायची. तेव्हा कुठे रक्त तपासलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला काम करायला सांगणारं संप्रेरक, जवळजवळ शून्यावर आलं होतं. याचा अर्थ गळ्यातली थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा खूप जास्त काम करत होती, म्हणून तिला सांगणं थांबलं होतं. खाल्लेलं सगळं शरीर भराभर जाळत होतं. गोळ्या सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत भूक ताळ्यावर आली. पण 'खातेय ना, मग झालं' म्हणत आम्ही पाच महिने घालवले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून पहिलं काम वजन करणं. खाणं वाढलंय आणि वजन मात्र उतरतंय, असं असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. थायरॉइडइतकीच शंका मधुमेहाची घ्यायची. त्यात साखर रक्तात साचते, पण पेशींपर्यंत पोचत नाही, म्हणून जेवूनही शरीर उपाशीच राहतं. सोबत तहान वाढते, रात्री लघवीला उठावं लागतं. टीएसएच, उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज) या तपासण्या करून घ्या. उपाशीपोटीची साखर १२६ (मिग्रॅ/डेसिलिटर) किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त आली तर मधुमेहाची शक्यता मोठी. तो पक्का आहे की नाही, हे डॉक्टर पुन्हा तपासून सांगतील.

मधुमेहाची औषधं आधीच चालू असतील आणि भुकेबरोबर घाम, थरथर होत असेल, तर साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. अशा वेळी आधी साखरपाणी घ्या, बाकीचं नंतर. स्टेरॉइडच्या आणि मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही भूक खवळते. पण त्या आपल्या मनानं बंद करू नका.

वजन स्थिर असेल किंवा वाढत असेल, तर ताटाकडे बघा. माझं हेच होतं. सकाळी आठला बशीभर पोहे आणि चहा, साडेदहाला ऑफिसात बिस्किटांचा पुडा. पोह्यांत जवळपास सगळा पिष्टमयच पदार्थ, प्रथिनं फारच कमी. उपासाच्या साबुदाण्याचं तर विचारूच नका. मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. पातळ वरण आणि डोंगराएवढा भात यांतून ही बेरीज जमत नाही. मी पोहे निम्मे केले आणि सोबत वाटीभर मटकीची उसळ घ्यायला लागले. जेवताना आधी उसळ आणि कोशिंबीर, मग पोळी. आठवड्याभरात साडेदहाची भूक एक वाजेपर्यंत लांबली. अंडी खात असाल तर दोन उकडून घ्या, त्याहून सोपं काही नाही.

झोपेचंही बघा. झोप कमी पडली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन कमी होतं. जागरणानंतर गोडाधोडाची ओढ लागते ती यामुळे. आणि वजन उतरवायचं म्हणून रात्री नुसतं सफरचंद खात असाल, तर ती भूक खरी आहे, तिला जेवण द्या. गरोदर बायकांची आणि अंगावर पाजणाऱ्यांची भूकही खरीच असते.

डॉक्टरांकडे जाताना सहा महिन्यांपूर्वीचं वजन, चालू गोळ्यांची पाकिटं आणि रात्री किती वेळा उठता, एवढं लिहून न्या. आईच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न वजनाचाच विचारला होता, आणि आम्हा तिघा भावंडांपैकी एकालाही त्याचं उत्तर देता आलं नव्हतं.